चिंगीची काचपट्टी

ताई, सोमवारी सकाळी दवाखाना उघडला तेव्हा तुमच्या खोलीत सूक्ष्मदर्शकाचा दिवा चालू होता.

असं तुमच्या हातून अकरा वर्षांत एकदाही झालं नव्हतं. काम संपलं की दिवा बंद, भिंग कागदाने टिपलेलं आणि वर ते निळं कापड, ज्याला तुम्ही घरून नाडी शिवून आणली होती. रविवारी दवाखाना बंद असतो. किल्ली माझ्याकडे आणि तुमच्याकडे. बल्ब रात्रभर जळून इतका तापला होता की हात लावला तर चटका बसला. मंचावर एक काचपट्टी होती आणि तिच्यावर तेलाचा थेंब. मला आधी रागच आला. बाईंचं वय झालं आता, असं मनात म्हणत मी डोळा लावायला वाकलो आणि तेवढ्यात फोन वाजला. तुमच्या प्रज्ञाचा होता.

"काका, आई गेली," ती म्हणाली. रविवारी संध्याकाळी चहा ठेवला, छातीत दुखतं म्हणून खाली बसलात आणि मोठ्या दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. मी फोन ठेवला आणि पहिली गोष्ट काय केली, तर दिवा बंद केला. काचपट्टीत काय आहे ते पाहिलं नाही. कापड घातलं, नाडी बांधली आणि तुमच्या घरी निघालो.

प्रज्ञाने नंतर चार ओळी लिहून मागितल्या. जन्म, शिक्षण, नोकरी, मागे परिवार. त्या दिल्या, छापून आल्या, फोटोही चांगला आला. हे त्यातलं नाही. हे मी तुम्हालाच लिहितोय, कारण जे बोलायचं होतं ते तुम्ही समोर स्टुलावर बसलेल्या असताना तीन महिने बोललो नाही.

तुम्ही माझ्याकडे आलात त्याच्या आधी वीस वर्षं हिवतापाच्या काचपट्ट्या वाचत होता. तळेगावच्या शाळेत शिकलेली मुलगी, दिवसाला शंभर शंभर रक्तनमुने डोळ्यांखालून घालायची, असं तुम्ही सांगायचात ते गर्वाने नाही, नुसतं सांगायचात. मी आष्टीकडचा, शेतकऱ्याच्या घरचा, ढोरांचा डॉक्टर व्हायला निघालेला आणि वर्ध्यात येऊन कुत्र्यामांजरांचा झालेला. सावंगीच्या रस्त्यावर दोन खोल्यांचा दवाखाना. पुढच्या खोलीत मी, मागच्या खोलीत तुम्ही. तुम्हाला माणसांचे आजार ठाऊक होते, मला जनावरांचे, आणि मधल्या दारातून आपली रोज कुरबुर चालायची.

सगळ्यात जास्त भांडलो ते रंगावरून. काचपट्टी रंगवायचा तो जांभळा रंग रोज नवा कालवायचा, हा तुमचा हट्ट. एकदा कालवला की आठवडा चालवायचा, ही माझी सवय. जुन्या रंगात गाळ धरतो आणि काचेवर बारीक जांभळे ठिपके पडतात. मग खरं काय आणि गाळ काय, हे ओळखत बसावं लागतं.

"डॉक्टर, रंग आजचा आज करा म्हनून मी कवापासून सांगून राह्यली," तुम्ही म्हणायचात.

"अजून दोन दिवस चालते ताई," मी म्हणायचो. दोन दिवसांनी पुन्हा तेच म्हणायचो. घरचं ताक पुरवून पुरवून वापरणाऱ्या बाईसारखा मी तो रंग वापरत होतो. डॉक्टर मी होतो, म्हणून माझं चालायचं.

मग जानेवारीत चिंगी आली. तुमच्याच गल्लीतल्या निर्मलाबाई, ज्या हातगाडीवर कपड्यांना प्रेस करतात, त्यांची कुत्री. रस्त्यावरचीच, पण गाडीखाली राहून राहून त्यांची झालेली. डोळ्यांभोवतीचे केस गेले होते, अगदी गोल, चष्मा लावल्यासारखे. कानांवर खवले. वाळली होती आणि तरी खात होती. मी म्हटलं खरूज. दिवसाला पाच खरजेची कुत्री पाहणारा माणूस सहाव्याला काय म्हणणार.

नखं तुम्ही पाहिलीत. चिंगी फरशीवर चालली तेव्हा टक टक आवाज आला आणि तुम्ही मागच्या खोलीतून बाहेर आलात. "हे तं रस्त्यावरचं कुत्रं हाय," तुम्ही म्हणालात, "याचे नखं झिजाले पायजे. हिचे वाढून कसे राह्यले?" मी इंजेक्शन भरत होतो. तुम्ही खाली बसलात, चिंगीच्या मागच्या गुडघ्यामागे बोटं फिरवलीत आणि म्हणालात, गाठ सुपारीएवढी हाय, मी सुई टाकून पाहू का. मी म्हटलं, पाहा.

अर्ध्या तासाने तुम्ही मला बोलावलंत. मी पाहिलं. एक मोठी पेशी, आत जांभळे ठिपके. तुम्ही शांतपणे सांगत होता, की नुसते ठिपके नका पाहू, एकेक दाणा पाहा, लांबट आहे, त्यात एक मोठा ठिपका आहे आणि शेजारी एक बारीक, काडीसारखा. दोन आहेत. प्रत्येकात दोन आहेत.

"रंगाचा गाळ आहे ताई," मी म्हणालो.

"गाळ वर रायते डॉक्टर. चक्री फिरवून पाहा. पेशी धूसर झाली का गाळ साफ दिसते. हे पेशीसंगच दिसते आन् पेशीसंगच जाते. हे आतमंदी हाय."

"मंग काय आहे म्हणता?"

तुम्ही नाव घेतलंत. काळा आजार, कुत्र्यातला. लीशमॅनिया. मी हसलो. खरं सांगतो, तेव्हा खरोखरच हसू आलं.

"ताई, तो रोग बिहारात. आपल्याकडं नाई होत."

"काऊन नाई होत? वाळूमाशी तं आपल्याकडं बी हाय. गोठ्याच्या भिंतीत बसून रायते. आन् रोगाले का जिल्हा समजते?"

पुस्तकात त्याच्यावर अर्धं पान होतं आणि परीक्षेला मी ते सोडून दिलं होतं. हे तुम्हाला सांगितलं नाही. सांगितलं एवढंच की रंग जुना आहे, गाळ आहे, विषय संपला. रंग जुना होता तो माझ्यामुळे. माझ्या चिकटपणाचंच मी कारण केलं आणि तुमचं तोंड बंद केलं. चिंगीला खरजेचं औषध चालू राहिलं, वर खाज थांबावी म्हणून स्टेरॉइड. ते या रोगात द्यायचं नसतं. ते अंगाची लढायची ताकदच काढून घेतं. फेब्रुवारीत तिच्या नाकातून रक्त यायला लागलं आणि आठव्या दिवशी ती गाडीखालीच मेली.

ती मेल्याचं कळलं त्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही रजेवर होता. भाचीच्या साखरपुड्याला तळेगावला गेला होता. भर दुपार होती, दवाखान्यात कोणी नव्हतं. मी मागच्या खोलीत गेलो, डब्यातून चिंगीची काचपट्टी काढली आणि पाहत बसलो. चक्री फिरवली. तुम्ही सांगितलं होतं तसंच झालं. पेशी धूसर झाली, दाणे धूसर झाले. पेशी साफ झाली, दाणे साफ झाले. प्रत्येकात दोन ठिपके. मी दुसरी पेशी पाहिली, तिसरी पाहिली. एका पेशीत तर मोजता येणार नाहीत इतके होते. मान वर केली तर समोरच्या दारात एक भुरं कुत्रं उभं होतं. डोळ्यांभोवती गोल, केस गेलेले. आपल्या दवाखान्यात कुत्रं ओढून आणावं लागतं, स्वतःच्या पायाने येत नाही. ते भुंकलं नाही, वास घेतला नाही. माझ्याकडे आणि तुमच्या रिकाम्या स्टुलाकडे आळीपाळीने पाहत उभं राहिलं आणि मग गेलं. उन्हात त्याची नखं बराच वेळ ऐकू येत होती.

मी काचपट्टी होती तिथे ठेवली आणि कोणाला काही बोललो नाही.

का नाही बोललो, याची कारणं मी स्वतःला बरीच दिली. बातमी फुटली की लोक भाकरीत विष घालून गल्लीतली कुत्री मारतील. आपल्याकडे ते नवं नाही. पेपरात येईल, लोक घाबरतील, दवाखान्यात कोणी येणार नाही. एका काचपट्टीवरून काय सिद्ध होतं. ही सगळी कारणं खरी होती. पण त्यांच्या खाली एकच होतं, ते म्हणजे चिंगीला मी चुकीचं औषध दिलं आणि तुम्ही मला वेळेवर सांगितलं होतं. तिकडे तीच वाळूमाशी कुत्र्यांना चावून माणसांनाही चावत असणार, उन्हाळा लागला की तुमच्या गल्लीत लेकरं अंगणात झोपणार, हे मला दिसत होतं. तरी मी तुमच्या खोलीत जायचं टाळायला लागलो. नमुने मधल्या खिडकीवर ठेवायचो आणि हाक मारून सांगायचो.

तुम्हीही पुन्हा तो विषय काढला नाही. मला वाटलं विसरलात. जेवणाच्या सुट्टीत तुम्ही डबा तसाच ठेवून बाहेर जायला लागलात. परत यायचात तेव्हा साडीच्या निऱ्यांना कुत्र्याचे केस. एकदा मी विचारलं, कुठं जाता हो ताई एवढ्या उन्हात. "लय दिवसाचं काम पडलं हाय, करून राह्यली," एवढंच म्हणालात. मी पुढे विचारलं नाही. मला विचारायचंच नव्हतं.

सोमवारी दुपारी दोन वाजता तुम्हाला घराबाहेर आणलं. पांढऱ्या कपड्यांतली माणसं, त्रिशरण म्हणत होते, प्रज्ञा दाराला धरून उभी. आणि कुत्री. गल्लीतली सगळी असतील, बारा-चौदा. मे महिन्यातल्या उन्हात कुत्रं सावली सोडत नाही. ही तापलेल्या सिमेंटवर, तुमच्या दाराकडे तोंड करून बसली होती. एवढी माणसं, एवढी गडबड, अनोळखी गाडी, आणि एकही भुंकलं नाही. लोक त्यांच्यामधून वाट काढत जात होते. एक म्हातारा म्हणाला, "पाह्यलं का, जनावराले बी समजते." मला तेव्हाच काहीतरी वेगळं वाटलं. ती दुःखात बसल्यासारखी नव्हती. बोलावल्यावर वाट पाहावी तशी बसली होती.

मग मला दिसलं. प्रत्येकाच्या मागच्या गुडघ्यामागे बंद्या रुपयाएवढी जागा भादरलेली होती. काहींवर केस परत उगवायला लागले होते, काहींवर कातडी अजून कोरी. एक झालं, दोन झाली, मी बघत गेलो. सगळ्यांना होती. मी त्या भुऱ्याजवळ वाकलो. मला पाहून पळावं, नाहीतर चावावं, ही माझी कमाई. त्याने मागचा पाय लांब केला आणि मान दुसरीकडे वळवली. सुई घ्यायला. मी मोकळ्या हाताने तसाच बसून राहिलो आणि तुम्हाला नेलं.

तिसऱ्या दिवशी प्रज्ञाने बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणून दिला. "आईच्या पलंगाखाली होता. तुमचंच काहीतरी काम असंन म्हनून आणलं." आत काचपट्ट्या, कागदात गुंडाळलेल्या, एकेकीवर तुमचं ते टपोरं अक्षर. "भुरा, पाण्याच्या टाकीजवळचा." "लंगडी, किराणावाल्याच्या ओट्यावरची." "राजा, मालक नाही." आणि प्रत्येक नावाखाली तेच दोन शब्द: ताजा रंग. घरी, स्वयंपाकघराच्या ओट्यावर, तुम्ही प्रत्येक वेळी नवा रंग कालवला होता. मला म्हणायला काही जागाच ठेवली नव्हती. मी डबा मांडीवर घेऊन बसलो आणि रडलो. तेव्हा पहिल्यांदा रडलो.

मग कापड काढलं. सोमवारपासून मंचावर होती ती काचपट्टी चिंगीचीच होती. दिवा लावला. तुम्ही भिंगातला तो बारीक काटा नेमका एका पेशीवर आणून ठेवला होता. भिंगाला हात लावावा लागला नाही, आत सगळं साफ मांडून ठेवलेलं. छातीत दुखायला लागलं म्हणून तुम्ही तशाच उठून गेलात, की मी सोमवारी येईन आणि वाकून पाहीन म्हणून मुद्दाम ठेवलंत, हे मला आता कोण सांगणार. प्रज्ञा म्हणते, आई दुपारी आली तेव्हा चांगली होती, कांदे चिरत होती.

डब्यातल्या तेरा कुत्र्यांपैकी तिघांत मला ते दाणे दिसले. भुऱ्यात सगळ्यात जास्त. चौदावी काचपट्टी तळाशी होती आणि तिच्यावर नाव होतं तुमचंच, सुनंदा. ती मी दोन दिवस बाजूला ठेवली. तिसऱ्या दिवशी दार आतून लावून पाहिली. बोटातलं रक्त, पातळ, सुरेख पसरलेलं, हिवतापाच्या कामाची सवय. कडेपासून कडेपर्यंत दोनदा फिरलो. काही नव्हतं. पण हा परजीवी रक्तात सहसा सापडत नाही, हे तुम्हाला माझ्याइतकंच ठाऊक होतं. मग बोटाला सुई का टोचलीत? तुम्हाला ताप येत होता का? प्रज्ञाला विचारलं, ती नाही म्हणाली. पण तुम्ही ताप आला तरी सांगणाऱ्यातल्या नव्हतात. ही काचपट्टी मी रोज एकदा पाहतो, आणि अजून काही दिसलेलं नाही.

नमुने जनुकीय तपासणीला पाठवले. सोबतच्या पत्रात स्पष्ट लिहिलं की हे प्रथम सुनंदाताईंनी ओळखलं आणि मी ते नाकारलं. उत्तर परवा आलं. लीशमॅनियाच आहे. मी ते तुमच्या खोलीत उभं राहून मोठ्याने वाचलं. आरोग्य खात्याची माणसं काल गल्लीत येऊन गेली. लेकरांचे ताप पाहिले, पोटं चाचपली, भिंतींवर फवारणी सुरू केली. अजून तरी माणसांत कोणी सापडलेलं नाही. कुत्र्यांना औषध आहे, पूर्ण बरं होईलच असं नाही. लोक कुत्री मारतील ही माझी भीती होती. गल्लीतलेच लोक मला म्हणाले, कुत्र्याइले मारून माशी थोडीच मरते. एकाने नाही, चार घरांनी हेच म्हटलं, हेच शब्द. मला कळेना यांना कोणी शिकवलं.

मग निर्मलाबाईंकडे गेलो. हे सगळ्यात शेवटी ठेवलं होतं. दुपारची वेळ, त्या चिंचेखाली गाडी लावून प्रेस करत होत्या. मी सांगितलं, चिंगीला खरूज नव्हती. मी चुकीचं औषध दिलं, आणि मला ते फेब्रुवारीतच कळलं होतं, तिच्या मरणाच्या दुसऱ्या दिवशी.

त्यांनी शर्टाची एक बाही पूर्ण केली. मग विचारलं, "म्हंजे वाचली असती का ते?"

"कदाचित. काही दिवस तरी जास्त."

मग इस्त्री उभी केली आणि म्हणाल्या, "मले ठाव होतं. ताईनं सांगतलं होतं, होळीच्या अंगोदर. मी तं तुमच्यावर लय भडकली होती, तुमच्या दवाखान्यात येऊन तमाशा करनार होती. ताई म्हने, नको. म्हने, डॉक्टरले दिसलं हाय, आता ते स्वतः येऊन सांगतीन. तुमी वाट पाहा, मी बी पाहून राह्यली."

होळीच्या आधी. मी ती काचपट्टी पाहिली त्या दुपारी तुम्ही तळेगावला होता, ताई. खोलीत मी एकटा होतो. तुम्हाला कसं कळलं, ते मला अजून कळलेलं नाही, आणि आता विचारायला कोणी नाही.

तीन महिने तुम्ही मधल्या दाराच्या पलीकडे बसलात आणि मी खिडकीवर नमुने ठेवून पळ काढत राहिलो. रोज सकाळी तुम्ही "आले का डॉक्टर" म्हणायचात, आणि त्यात जराही टोचणी नव्हती. मला वाटायचं, या विसरल्या. तुम्ही माझी वाट पाहत होता. मला उशीर झाला. तेवीस दिवसांचा.

"आता सांगतलं ना, मंग झालं," निर्मलाबाई म्हणाल्या आणि दुसरी बाही घेतली. मी तिथून निघालो तर गल्लीच्या तोंडाशी भुरा बसला होता. तो उठला आणि माझ्यापुढे चालत तुमच्या दारापर्यंत आला. कुलूप होतं. मी पायरीवर बसलो, पिशवीतून हातमोजे काढले आणि तुमची बाकीची कुत्री एकेक करून आपणहून यायला लागली.